डहाणू आणि तलासरी : सीमेवरचे दोन तालुके

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा त्यात आलेल्या आठ तालुक्यांपैकी डहाणू आणि तलासरी हे उत्तर टोकाचे. १९६० मध्ये पूर्वीच्या उंबरगाव तालुक्याचा बराचसा भाग गुजरातकडे गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांचा पुढे तलासरी महाल, म्हणजे तालुक्याहून लहान महसुली घटक झाला. या तालुक्याची वेडीवाकडी हद्द त्या वाटणीची आठवण देते.

डहाणूत पश्चिमेला खाडी, मच्छीमारांची वस्ती आणि घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या आहेत, तर पूर्वेला डोंगर, जंगल आणि वारली पाडे. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांवर निर्बंध घातले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. एका तालुक्यासाठी असे प्राधिकरण ही दुर्मीळच गोष्ट म्हणावी लागेल.

दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांसाठीच्या विशेष व्यवस्थेत मोडतात, त्यामुळे येथे अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. राज्याच्या २०१४ च्या नियमांनुसार विहित प्रक्रिया पूर्ण करून एखादा पाडाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा भरते.