दूध उतरलं होतं का?

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. शरीरातल्या ग्रंथींच्या आजारावर मी बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण आमच्या घरात असा एक आजार आम्ही पंचवीसहून अधिक वर्षं सांभाळतो आहोत, आणि त्याआधी अकरा वर्षं तो आम्हाला ओळखताच आला नव्हता. तेवढ्याच अधिकारानं बोलतो आहे.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, वैनगंगेपलीकडे आरमोरीच्या बाजूला एका खेड्यात दिलेली. १९८८च्या पावसाळ्यात तिचं बाळंतपण तिथेच, घरात झालं. गावाजवळचा नाला दुथडी भरलेला. सुईण अनुभवी होती, मुलगी सुखरूप झाली. पण आपाच्या अंगावरून फार गेलं. ती बेशुद्ध पडली. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर तिला बैलगाडीतून आणि मग जीपनं दवाखान्यात नेलं. रक्त चढवलं. ती वाचली. अम्मीनं नमाज पढून शुक्र मानला. आम्हाला वाटलं, संकट टळलं.

आपाला दूध आलं नाही. मेथी, खसखस, डिंक, सगळं झालं. भाची शेळीच्या दुधावर वाढली. पाळी पुन्हा आली नाही. आपाला उन्हाळ्यातही थंडी वाजायची, आणि चंद्रपूरचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. चेहरा पांढुरका, कातडी कोरडी, आवाज जड, चालणं म्हाताऱ्या बाईसारखं. वय पंचवीस. विचारलं की म्हणायची, "कुछ नहीं रे, थक गई."

आमच्या भागात पांढरी पडलेली बाई दिसली की दोनच गोष्टी मनात येतात, रक्त कमी किंवा सिकलसेल. सिकलसेल नव्हता. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या तिनं वर्षानुवर्षं खाल्ल्या, काही फरक पडला नाही. दर्ग्यावर नेलं, गावातल्या गोंड पुजाऱ्याला दाखवलं. एका ठिकाणी थायरॉइडची तपासणी झाली. त्यात टीएसएच तेवढं पाहिलं, ते ठीक निघालं, आणि 'मनावर घेते' असं सांगून परत पाठवलं.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती सांगताना आजही संकोच वाटतो. रमझानमध्ये पाळीच्या दिवसांत बायका रोजे धरत नाहीत, नंतर भरून काढतात. आपा मात्र तीसच्या तीस रोजे सलग धरायची. दुपारनंतर डोळ्यांपुढे अंधारी यायची, भिंतीला टेकून बसायची. सगळे तिचं कौतुक करायचे. पंचविशीतल्या बाईचा एकही रोजा कसा सुटत नाही, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मला तर नाहीच. मी तिच्यावर एक कविता लिहिली होती. तिच्या थकव्याला मी दुःख म्हटलं, मौन म्हटलं. कविता छापून आली, दाद मिळाली. तो थकवा आजाराचा होता.

१९९९मध्ये आपाला हिवताप झाला. आमच्या जंगलपट्टीत हिवताप नवा नाही; पण तिला तो झेपला नाही. उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब खाली गेला, ती गुंगीत गेली. नागपूरला नेलं. रक्तातली साखर कमी, सोडियम फार कमी. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी तिचे तळहात पाहिले, काखेत केस आहेत का ते पाहिलं. नव्हते. मग ते अम्मीकडे वळले. "मावशी, हिच्या शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?" अम्मी हो म्हणाली. "मग दूध उतरलं होतं का?"

"नाही जी डॉक्टरसाहेब, एक थेंबबी नाही."

अकरा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. डॉक्टरांनी तपासणीसाठी रक्त काढून घेतलं आणि अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी आपा उठून बसली आणि तिनं चहा मागितला.

या आजाराला शीहान सिंड्रोम म्हणतात. हॅरोल्ड शीहान या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३७मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. आपल्या मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. इंग्रजीत तिला पिट्युटरी म्हणतात, मराठीत पीयूष ग्रंथी. थायरॉइड, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी, बीजकोश, सगळ्यांना कामाचा हुकूम हीच देते. अंगावरचं दूधही तिच्याच संप्रेरकानं तयार होतं. गरोदरपणात ती आकारानं वाढते, तिला रक्त जास्त लागतं. अशा वेळी बाळंतपणात खूप रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला, तर तिला रक्त पुरत नाही आणि तिचा भाग मरतो. हुकूम देणारीच गेली की बाकीच्या ग्रंथी धडधाकट असूनही गप्प बसतात. पीयूष या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ गाय व्याल्यानंतरचं पहिलं दूध असा आहे. ज्या ग्रंथीच्या नावातच दुधाचा अर्थ, तिच्या या आजाराची पहिली खूणही दुधाचीच. दूध उतरत नाही.

आता टीएसएचचं कोडं. ते संप्रेरक थायरॉइडला हुकूम देतं आणि पीयूष ग्रंथीतच तयार होतं. थायरॉइड स्वतः बिघडलं तर टीएसएच वाढतं. पण बिघाड पीयूष ग्रंथीत असेल तर टीएसएच कमी किंवा चक्क नेहमीसारखंही दिसू शकतं. म्हणून त्यासोबत टी-फोर पाहावं लागतं, आणि सकाळच्या वेळी रक्तातलं कॉर्टिसॉल. आपाची दोन्ही कमी होती. डोक्याच्या स्कॅनमध्ये ग्रंथीची खोबण जवळजवळ रिकामी दिसली.

श्रीमंत देशांत हा आजार आता विरळा झाला, कारण तिथे बाळंतिणीचा रक्तस्राव वेळेवर थांबवला जातो. आपल्याकडे तसं म्हणता येत नाही. काश्मीरमधल्या डॉक्टरांनी २००५मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वीस वर्षांवरच्या, बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे तीन टक्के स्त्रियांना हा आजार असावा, असा त्यांचा अंदाज होता. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींची बाळंतपणं घरी झालेली होती.

आणि स्त्रियांचं दुखणं न विचारण्याची गोष्ट तर आपल्या गडचिरोलीनंच जगाला सांगितली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९८९मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि पूर्वी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. शीहानचा आजार त्या यादीतला नव्हे. पण ज्या बाईला पाळीबद्दल कुणी विचारतच नाही, तिला दुधाबद्दल कोण विचारणार?

औषधांबद्दल दोन शब्द. ग्रंथीचा मेलेला भाग परत येत नाही, पण तिचं काम गोळ्या करतात, आणि त्या महाग नाहीत. क्रम मात्र सांभाळावा लागतो. आधी स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन. उलट केलं तर शरीरात उरलंसुरलं कॉर्टिसॉल लवकर संपतं आणि रुग्ण कोसळू शकतो. स्टेरॉइड हा शब्द ऐकून लोक घाबरतात. आपाच्या सासरीही कुणीतरी सांगितलं, 'बंद कर, हाडं झिजतील.' तिनं चार दिवस बंद केल्या आणि पुन्हा दवाखाना गाठावा लागला. शरीर जे बनवत नाही तेवढंच यात भरून काढायचं असतं. या गोळ्या मनानं कधीच बंद करायच्या नाहीत. तापात डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मात्रा वाढवायची. उलटीनं गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी लगेच दवाखाना गाठायचा. आजाराचं नाव आणि औषधं लिहिलेलं कार्ड आपाच्या बटव्यात कायम असतं.

तिला सगळ्यात जड गेलं ते रोजे सोडणं. डॉक्टर म्हणाले, उपाशी राहायचं नाही, गोळीची वेळ चुकवायची नाही. अम्मीनं समजावलं की आजारी माणसाला धर्मानंच सूट दिली आहे. आपा ऐकते. प्रत्येक रोज्याच्या बदल्यात एका गरिबाला जेवू घालते. पण इफ्तारच्या वेळी खजूर वाटताना तिचा चेहरा मी पाहिलेला आहे.

श्रोतेहो, तुमच्या घरात, शेजारी एखादी बाई वर्षानुवर्षं थकलेली असेल, तिला सारखी थंडी वाजत असेल, पाळी फार लवकर गेली असेल, तर तिला तीन गोष्टी विचारा. शेवटच्या बाळंतपणात अंगावरून फार गेलं होतं का? दूध उतरलं होतं का? पाळी परत आली होती का? उत्तरं आपासारखी आली तर ती डॉक्टरांना जशीच्या तशी सांगा. आशाताईंना, नर्सबाईंना सांगा. आणि घरात गरोदर बाई असेल तर पावसाळ्यात नाला भरण्याची वाट पाहू नका. जिथे आरोग्य केंद्राजवळ माहेरघर आहे, तिथे दिवस भरत येताच तिला नेऊन ठेवा.

शेळीच्या दुधावर वाढलेली भाची पुढे दवाखान्यात बाळंत झाली. आम्ही सगळे बाळ पाहायला धावलो. आपा मात्र आधी लेकीच्या खाटेजवळ गेली आणि हळूच तिला विचारलं, "दूध उतरा क्या?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)