पावसाची खोळ

मंडळी, आज पुस्तक मिटून ठेवा. पाटी मात्र जवळ राहू द्या, पुढे आकडे लिहायचे आहेत.

मृग निघाला की आपल्या वर्गाची हजेरी उतरते. आधी आम्हाला वाटे, पेरणीची घाई असेल. पण पेरणी उरकून आर्द्रा गेल्या, पुनर्वसूचा तरणा पाऊस गेला, पुष्याचा म्हातारा लागला, तरी मागची ओळ रिकामीच. म्हणून आम्ही घरोघर गेलो. कुठे खोकला, कुठे ताप. एक मावशी चुलीपाशी बसल्या होत्या. आम्ही विचारले, "मावशी, औषध घेतलं का?" त्या म्हणाल्या, "औषध घेतलं बाबा. पण आठ दिस रोज बुडाला, त्याला काय औषध?"

मावशी पावसात उघड्या गेल्या नव्हत्या. त्यांनी अंगावर खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद घेतला होता. सोयाबीनची खुरपणी चालू होती. पाऊस वरून लागला नाही, पण दोन तासांत लुगडे आतूनच चिंब झाले. घामाने! मग त्यांनी कागद काढून बांधावर ठेवला, वारा सुटला, आणि ओल्या अंगाला हुडहुडी भरली. कागद घेतला तरी ओले, न घेतला तरी ओले. आता माणसाने करावे काय? आजचे बोलणे एवढ्यावरच आहे.

तुम्ही म्हणाल, आपला मुलूख दुष्काळी, इथे पावसाच्या कपड्याचे कौतुक कशाला? बरोबर आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पण त्याच लातुरात २०२१ च्या सप्टेंबरात मांजरेला पूर आला आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. नांदेडकडे गोदावरीकाठी आणि किनवट-माहूरच्या डोंगरात तर पाऊस आणखी जास्त. आपला पाऊस येतो तेव्हा ऐन कामात येतो. रोजाने जाणाऱ्याला घरी बसून कसे चालेल?

आपले वाडवडील काय पांघरत? घोंगडे. घोंगड्याचे एक टोक दुमडून डोक्यावर घेतले की खोळ झाली. घोंगडे ज्याच्याकडे नाही तो गोणपाटाच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसून खोळ करी. आजही करतात.

घोंगड्याची गंमत ऐका. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. विणून झाल्यावर त्याला चिंचोक्याची खळ देतात, त्याने ते ताठ होते. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ओल शोषताना ती थोडी ऊब देते. म्हणून मेंढ्यांमागे हिंडणारा धनगर भिजला तरी कुडकुडत नाही. आणि लोकरीतून अंगाची वाफ बाहेर जाते, आत कोंडत नाही.

मग घोंगडेच घ्या म्हणावे, तर तसेही नाही. दिवसभर झड लागली की घोंगडे पाणी पिऊन इतके जड होते की खांदे भरून येतात. वाळायला दोन दोन दिवस लागतात. आणि खरे हातमागाचे घोंगडे आता स्वस्तही राहिले नाही. माळेगावच्या जत्रेत जाणाऱ्यांना भाव ठाऊक आहेत.

कोकणात भात लावणाऱ्या बाया इरले घेतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि वर पाने. डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत पाठ झाकते, पुढून उघडे. वाकून काम करणाराच्या पाठीवर पाऊस पडतो, पोटावर नाही, हे ज्याने ओळखले तो शहाणा म्हटला पाहिजे. पुढून वारा लागतो, म्हणून घाम कोंडत नाही.

आता बाजारात एक नवे पांघरूण मिळते. त्याला पोंचो म्हणतात. हे नाव दक्षिण अमेरिकेतले. तिकडच्या डोंगरातले मेंढपाळ लोकरीच्या घोंगडीला मधोमध डोके जाण्यापुरती चीर ठेवतात आणि ती गळ्यात घालतात, तोच पोंचो. म्हणजे त्यांचेही घोंगडेच! बाजारातला पोंचो मात्र लोकरीचा नसतो. तो असतो न भिजणाऱ्या कापडाचा, वर टोपी शिवलेली, बाजू मोकळ्या.

न भिजणारे कापड करण्याची खटपट जुनी आहे. १८२३ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून तसे कापड केले. पाणी येईना हे खरे, पण वाफही जाईना. मावशींच्या कागदाचीच तऱ्हा. पुढे १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी एक विशिष्ट प्लास्टिक झटक्याने ताणून पाहिले. ते ताणले गेले आणि त्यात अतिशय बारीक छिद्रे पडली. इतकी बारीक, की पाण्याचा थेंब त्यातून शिरत नाही, पण वाफ निघून जाते. वाफेचे कण थेंबापेक्षा फार फार लहान असतात ना! हा पातळ पापुद्रा कापडाला चिकटवतात. दुकानदार त्याला 'श्वास घेणारे कापड' म्हणतात. कापड कुठला श्वास घेते? पण चाळणीतून पीठ पडते आणि कोंडा राहतो, तसे ते आहे.

आता पाटी घ्या. अशा कापडाच्या चिठ्ठीवर दोन आकडे असतात. लिहा, १०,००० आणि पुन्हा १०,०००.

पहिला आकडा पाण्याचा. कापड ताणून त्यावर पाण्याची उभी नळी धरली, तर किती मिलिमीटर उंच पाणी ते थोपवते, हे तो सांगतो. दहा हजार मिलिमीटर म्हणजे १० मीटर. आपल्या विहिरीच्या मापाने साडेपाच परस! नाना इथे हसतात. म्हणतात, आभाळ काय विहीर ओततं का? नाही ओतत. पण नाना, पावसात तुम्ही खांद्यावर वैरणीचा भारा घेता, तेव्हा भाऱ्याखालचे कापड दाबले जाते. ओल्या बांधावर बसलात की बुडाखाली दाब येतो. तिथेच हलके कापड पाझरते.

दुसरा आकडा वाफेचा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते, ते तो सांगतो. दहा हजाराला चोवीसने भागा. चारशे सोळा येतात आणि थोडे उरते. म्हणजे तासाला साधारण चारशे ग्रॅम. आणि भर उकाड्यात जोराने कष्ट करणाऱ्या माणसाला तासाला एक लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. मग हिशेब जुळतो का?

नाही जुळत. त्यात आणखी एक मेख आहे. वाफ नेहमी दमट जागेकडून कोरड्या जागेकडे जाते. थंड देशात बाहेरची हवा कोरडी, म्हणून कापड चांगले काम करते. आपल्याकडे श्रावणात बाहेरच हवा ओलीगच्च आणि ऊनऊन. वाफेने जावे कुठे? दुकानदार ही गोष्ट सांगत नाही. म्हणून आमचे मत असे, की आपल्या मुलखात कापडाच्या करामतीपेक्षा बाजूंचा मोकळेपणा जास्त उपयोगी. अंगाला चिकटणारा, गळ्यापर्यंत बटणे लावलेला भारी रेनकोट असेल, तरी शेतात आत घाम येईल. साधा पोंचो बाजूंनी उघडा असेल, तर आत वारा खेळेल. पैसे मोजके असतील तर वाफेच्या आकड्यासाठी घालवू नका. गुरे राखणारा, किंवा डोंगरात दिवसदिवस चालणारा, ज्याचे पांघरूण सकाळपासून संध्याकाळपर्यंत उतरतच नाही, त्याने तसे कापड घ्यावे. त्याला ते पुरेल आणि पैसेही वसूल होतील.

आम्ही स्वतः फसलो ते शिवणीत. एके साली आम्ही झुळझुळीत कापड बघून रेनकोट घेतला. दुसऱ्याच दिवशी औशाच्या वाटेवर दोन्ही खांद्यांवर ओल्या रेघा उमटल्या. कापड चांगले होते हो! पण सुईने जिथे जिथे भोक पाडले तिथून पाणी आत आले. तेव्हापासून आम्ही दुकानात कपडा आधी उलटा करतो. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली पाहिजे, विशेषतः टोपीच्या आणि खांद्याच्या जोडावर. पट्टी नसेल तर तो खुशाल परत ठेवावा. दुकानदार नाक मुरडतो, मुरडू द्यावे.

खुरपणाऱ्या बायांसाठी एक सांगतो. पोंचो पुढून लोंबतो, वाकले की चिखलात लोळतो. कमरेला बंद असलेला घ्या, किंवा पुढचा पदर वर खोचून सुतळीने बांधा. पाठ झाकलेली राहिली म्हणजे झाले. इरल्याची अक्कल इथे कामी येते. टोपीला दोरी हवी, नाही तर मान वळवली की टोपी डोळ्यांवर येते आणि बाजूचे काही दिसत नाही. रंग पिवळा किंवा केशरी घ्या. काळा-निळा रंग मळ लपवतो खरा, पण संध्याकाळी पावसात सडकेवरून परतताना ट्रकवाल्याला तुम्ही दिसला पाहिजे.

आता जपून ऐका, कारण इथे जिवाशी गाठ आहे. पोंचो घालून फटफटी चालवू नका, मागेही बसू नका. मोकळा पदर वाऱ्याने उडतो आणि चाकात किंवा साखळीत गुंततो. गाडीसाठी सदरा-विजारीसारखा रेनकोट वेगळा. तसेच मळणी यंत्राचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास अवकाळी भुरभुर असते, सोयाबीन भिजू नये म्हणून घाई चाललेली असते, आणि माणूस पोंचोसकट यंत्रात पेंढ्या घालायला उभा राहतो. पट्ट्याने पदर ओढला तर पाठोपाठ माणूस ओढला जातो. भिजलात तरी चालेल, पण यंत्राजवळ तो काढूनच जा. फवारणीलाही हा पोंचो नको. औषध त्याच्या उघड्या बाजूंनी आत येते. आणि वीज कडाडू लागली की कुठल्याही कापडाचा भरवसा धरू नका, झाडाखाली तर मुळीच थांबू नका. पक्क्या घरात या.

घरी आणल्यावर तो काटेरी कुंपणावर वाळत घालू नका. नव्या कापडावर पाणी अळूच्या पानावरल्यासारखे घरंगळते. चिखल बसला, धुण्याची कडक पूड घालून दगडावर आपटले, की ते घरंगळणे जाते. मग वरचे कापड पाणी धरते आणि वाफेची वाट बंद होते. साध्या पाण्याने चिखल काढा, सावलीत वाळवा, घडी ओली ठेवू नका.

आता परीक्षा करू. पहिली सोपी. कापडाची झोळी करून त्यात तांब्याभर पाणी घाला, थोडा वेळ थांबा, आणि खालून अंगठ्याने जोरात चोळा. अंगठा कोरडा राहिला तर कापड खरे.

दुसरी वाफेची. इथे तीन पेल्यांत कढत पाणी आहे. एकाच्या तोंडावर मावशींचा प्लास्टिकचा कागद बांधला, दुसऱ्याच्या तोंडावर घोंगड्याचा तुकडा, तिसऱ्याच्या तोंडावर नव्या कापडाची चिंधी. प्रत्येकावर एक थंड, कोरडा काचेचा पेला पालथा घालू. वाफ कापडातून गेली तर वरची काच धुरकट होईल. बघा, घोंगड्यावरची काच लगेच पांढरी झाली. कागदावरची अजून स्वच्छ, सारी वाफ खाली अडकली आहे. मावशी, तुमचा घाम असाच अडकला होता. तिसरीवर हळूहळू धुके धरते आहे, जरा धीर धरा.

नाना, चष्मा लावून या आणि तुम्हीच सांगा, कुठली काच किती झाली. मावशी, तुम्ही पाटीवर लिहा.