परवलीचे वाक्य चुकले असता



विद्यार्थ्यांच्या नोंदी व निकालपत्रके आता पुष्कळ शाळांतून संगणकावर ठेवली जातात, आणि ती परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून परवलीचे वाक्य घालून गूढलिपीत बंद केली जातात. हे वाक्य टंकताना एखादे अक्षर चुकले, तर संगणकाच्या आज्ञावलीने कसे वागावे, एवढ्याच प्रश्नाकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. तथापि माझ्या परिचयाच्या एका गुरुजींनी निकालाची फाईल उघडू जाताच ‘फाईल खराब झाली आहे’ असा संदेश वाचला आणि ती पुसून टाकली. पुढे तिचीच प्रत सहशिक्षिकेच्या पेनड्राइव्हवर सापडली व योग्य वाक्य टंकताच ती उघडली. फाईल शाबूत होती. चुकले होते ते केवळ वाक्य.

असा संदेश का यावा? झिप पद्धतीच्या जुन्या कूटलेखनात वाक्य पडताळण्यासाठी अवघा एक बाइट राखलेला असतो. त्यामुळे चुकीच्या 256 वाक्यांपैकी सरासरीने एक पहिल्या दारातून आत शिरते. मग निरर्थक मजकूर हाती येतो, पडताळ्याची संख्या जुळत नाही, आणि आज्ञावली फाईलवर दोष ठेवते. ‘सेव्हन-झिप’ अशा वेळी माहितीत दोष असल्याचे सांगून ‘परवलीचा शब्द चुकला काय?’ असेही विचारते. हा प्रश्नार्थक सूर मला प्रामाणिक वाटतो. जे निश्चित ठाऊक नाही, ते निश्चित म्हणून सांगू नये.

मराठीतून वाक्य ठेवणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. ‘ऱ’ हे अक्षर संगणकात एका चिन्हाने लिहिता येते, तसेच ‘र’ व खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखीच. यंत्राला मात्र भिन्न. एका कळफलकावर ठेवलेले वाक्य दुसऱ्यावर नाकारले जाते आणि बिचारा शिक्षक स्वतःच्या स्मृतीला दोष देतो! अशी रूपे एक करण्याचे नियम युनिकोडने घालून दिले आहेत. आज्ञावलीने ते आधी लावावेत. टंकलेले वाक्य ठिपक्यांआड न ठेवता इच्छेनुसार पाहू द्यावे, हेही तितकेच अगत्याचे.

काही चुकांनंतर फाईल नष्ट करावी, असे कोणी सुचवितात. ते मला मान्य नाही. चोराने प्रत आधीच नेलेली असते; नुकसान होते ते मालकाचेच. त्याऐवजी वाक्यापासून किल्ली घडविण्याची क्रियाच मुद्दाम जड ठेवावी. 2015 साली स्पर्धेत निवडली गेलेली ‘आर्गॉन टू’ ही पद्धत याच तत्त्वावर चालते.

खरा धोका मात्र वाक्य प्रथम ठरविताना असतो. तेव्हा चूक झाली, तर फाईल त्या चुकीच्याच वाक्याने बंद होते. म्हणून आज्ञावलीने ते दोनदा विचारावे, आणि आपणही बंद केलेली फाईल एकदा उघडून पाहिल्यावाचून मूळ प्रत पुसू नये.