मूल रडतं, आणि बोल आईला

(मोहने येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोणती लस कधी द्यायची ते तुमच्याजवळच्या कार्डावर छापलेलं आहे. आशाताईही समजावून सांगतात. मला बोलायचंय ते कार्डावर नसलेल्या गोष्टीबद्दल, म्हणजे पोरांच्या भीतीबद्दल.

"गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचेल" हे वाक्य कोणत्या घरात बोललं जात नाही? दवाखान्याचा बागुलबुवा घरातच तयार होतो. मग तिथे मूल किंचाळलं की बोल आईला : "हिला पोर सांभाळता येत नाही." बापाला कुणी काही विचारत नाही. इथला एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि कित्येक घरांची चूल बाईच्या कमाईवर आली. तिने खाडा करून पोराला आणायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. मग पुढच्या डोसला तिचा पाय उचलत नाही. म्हणून मुलाची भीती हा लाडाचा प्रश्न नाही, तो आरोग्याचाच प्रश्न आहे.

"एवढ्याशा बाळाला काय कळतंय?" असं डॉक्टरसुद्धा मानत. १९८०च्या दशकापर्यंत परदेशातल्या मोठ्या इस्पितळांतही नवजात बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. डॉ. के. जे. एस. आनंद या भारतीय डॉक्टरांनी ऑक्सफर्डमध्ये अभ्यास केला आणि १९८७ मध्ये दाखवून दिलं, की अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या शरीरालाही वेदनेचा जबर ताण बसतो आणि वेदनाशामक दिलं तर तो कमी होतो. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं मोजलंच जात नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता करायचं काय? आज दीड महिन्याच्या बाळाला एकाच दिवशी तीन सुया असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये यासाठी साध्या सूचना दिल्या. त्यांना पैसा लागत नाही. आईने किंवा जवळच्या माणसाने सोबत असावं. बाळाला मांडीवर घ्यावं. सुईच्या वेळी किंवा थोडं आधी अंगावर पाजावं. रोटाचे गोड थेंब सुईच्या आधी द्यावेत. जी लस जास्त दुखते ती शेवटी टोचावी. तीन वर्षांपुढच्या मुलाला आडवं दाबून न धरता बसवावं.

बोलत्या मुलाशी खरं बोला. "काही दुखणार नाही" म्हणालात, की पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास राहत नाही. "मुंगी चावल्यासारखं होईल, मी हात धरून बसेन" एवढं पुरे. फुगा फुगवल्यासारखी लांब फुंकर घालायला सांगा. सुई कोणत्या हातावर, बघायचं की नाही, हे शक्य तिथे त्यालाच ठरवू द्या. आणि मुलग्याला "पोरीसारखा रडतोस काय?" म्हणू नका. त्यात त्याचाही अपमान, आपलाही.

लेकीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. आपण तिला शिकवतो की तुझ्या अंगाला कुणी विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मग तपासताना न सांगता तिचा फ्रॉक वर केला, चौघांनी धरून ठेवलं, तर ती काय शिकणार? उपचार टाळता येत नाहीत हे खरं. पण आधी सांगता येतं आणि पडदा ओढता येतो.

इंग्लंडमध्ये एकेकाळी इस्पितळातल्या मुलांना भेटायला आईबापांना मोजकाच वेळ मिळे. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीची फिल्म काढली. तिच्यावर खूप वाद झाला. १९५९ च्या प्लॅट समितीने आईबापांना कधीही भेटू द्यावं अशी शिफारस केली. पुढे पालकांनी संघटित होऊन ती अमलात आणायला लावली. आपणहून कुणी दार उघडलं नाही.

आपणही मागू या : टोचताना, ड्रेसिंग करताना, रक्त घेताना आई किंवा बाप मुलाजवळ असेल. बसायला बाकडं हवं, पाजायला आडोसा हवा. हे मागताना नर्सबाईंशी भांडू नका. लांब रांग आणि एकटी बाई, असं त्यांचंही असतं. मागणी त्यांना सोबत घेऊन महापालिकेकडे करायची.

आणि उद्यापासून आपल्या घरात सुईची धमकी बंद. हे आपल्याच हातात आहे.