कंबर दुखते, पण पायाला काय होते?

(बिबवेवाडी येथील सभेत केलेले भाषण)



भोर-वेल्ह्याच्या कातकरी वाड्यांवर आरोग्य शिबिर भरले की बाया बहुधा कमरेची तक्रार घेऊन येतात. "ताई, कंबर लई दुखते." डोक्यावर हंडे, सरपणाची मोळी, वीटभट्टीवर दिवसभर वाकून काम, दुखणारच. आपण मलम देतो, दोन गोळ्या देतो. आज माझी विनंती एवढीच, की मलम देण्याआधी दोन प्रश्न विचारा. ते कशासाठी, हे कळायला पाठीची रचना थोडी पाहू.

कण्यात मणके एकावर एक रचलेले असतात आणि मधे गादी असते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली येतो. त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात : मानेत ८, छातीच्या भागात १२, कमरेत ५, त्याखाली त्रिकास्थीत ५ आणि माकडहाडापाशी १. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. पुढे नसांचा झुपका उरतो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून डॉक्टरांनी त्याला तेच नाव दिले आहे.

प्रत्येक नसेचा इलाका ठरलेला आहे. म्हणून नस दबते कमरेत आणि कळ उठते पायात. कमरेची पाचवी नस दबली तर कळ पावलाच्या वरून अंगठ्याकडे जाते. तिच्या खालची दबली तर करंगळीकडे आणि तळव्याकडे. यालाच आपण सायटिका म्हणतो.

तेव्हा पहिला प्रश्न : कळ कुठपर्यंत जाते? कमरेतच राहत असेल तर बहुतेक वेळा ती स्नायूंची असते आणि काही आठवड्यांत उतरते. अंथरुणाला खिळून राहू नये. ओझे कमी करून हालचाल चालू ठेवावी. कळ पायात उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा प्रश्न : पायात बळ आहे का, लघवी नीट होते का? पाय लटके पडत असतील, जांघेत बधिरपणा असेल, लघवी अडली असेल किंवा नकळत होत असेल, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तो झुपका दबला असेल तर उशिराने झालेले नुकसान भरून येत नाही.

आणखी एक विचारा : ताप येतो का, वजन उतरले का, रात्रीही दुखते का? मणक्याला क्षयरोग होतो. तो मणका पोखरतो, पाठीला कुबड येते, पाय लुळे पडू शकतात. पुष्कळदा खोकला नसतो, म्हणून कोणाला शंकाच येत नाही. सरकारी दवाखान्यात औषधे मोफत आहेत आणि नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये मिळतात. मात्र औषधे बरेच महिने चालतात. बरे वाटले म्हणून मधेच सोडायची नाहीत.

लूककृत शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात १८ वर्षे वाकलेली एक स्त्री आहे. तिने काही मागण्याआधीच प्रभूने तिला पाहिले आणि जवळ बोलावले. वाडीवरची बाईही सहसा मागत नाही. फोटोसाठी कण्याचा एक्स-रे म्हणा की एमआरआय म्हणा, तिला शहरात यावे लागते. एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, ससूनमध्ये कोणत्या खिडकीवर उभे राहायचे ते ठाऊक नसते.

आपल्यापैकी कोणी भाडे देऊ शकेल, कोणी रांगेत तिच्याबरोबर उभे राहू शकेल. मलमाच्या पेटीबरोबर तेवढेही द्या.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.