परसातली कुळं

साताऱ्यातली आमची चार गुंठे जागा कागदोपत्री आम्हा नवराबायकोच्या नावावर आहे. घरपट्टी आम्ही भरतो, पाणीपट्टी आम्ही भरतो, आणि उन्हाळ्यात झाडांना बादल्या घालून घालून कंबरही आमचीच धरते. पण घरामागच्या परसात आमचा शब्द फारसा चालत नाही. तिथे कुळं राहतात. करारनामा नाही, पागडी नाही आणि नोटीस काढली तर वाचणारं कोणी नाही. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व काटेकोरपणे लावायचं म्हटलं, तर उद्या सगळी जागा गांडुळांच्या नावावर करून द्यावी लागेल. माती खालीवर करण्याचं काम ती रात्रंदिवस करतात. आमचे हे रविवारी खुरपं घेऊन बसतात आणि दर दहा मिनिटांनी चहा मागतात.

या कुळांवर देखरेख करायला आमच्याकडे दोन मुकादम आहेत. एक खंड्या नावाचा कुत्रा आणि दुसरी मनी नावाची मांजर. खंड्या हे नाव नातवानं ठेवलं. त्याचा एक तोटा असा, की ‘खंड्या आला’ असं म्हटलं की पक्ष्यांची आवड असलेले पाहुणे दुर्बीण काढून तारेकडे बघायला लागतात आणि आमचा खंड्या तेवढ्यात त्यांच्या चपला घेऊन जातो.

खंड्याच्या मते परसातला प्रत्येक जीव हा घुसखोर आहे. त्यात पहिला नंबर खारीचा. चिकूच्या फांदीवर बसून शेपटी झटकत ती जे चिर्र चिर्र सुरू करते, त्याचा अर्थ आम्हाला कळत नाही, पण खंड्याला कळत असावा. कारण तो इतका चिडतो, की नक्की त्यात त्याच्या घराण्याचा उद्धार असणार. तो खाली भुंकतो, ती वरून ऐकवते. पंधरा मिनिटांनी दोघंही दमतात. खार अर्धा चिकू खाऊन उरलेला अर्धा बरोबर त्याच्या डोक्यावर टाकते. रामरायानं हिच्या पाठीवरून बोटं फिरवली म्हणतात. त्या वेळी दोन शब्द समजुतीचेही सांगायला हवे होते.

मुंगसाची गोष्ट वेगळी. लहानपणी आम्ही मुंगूस दिसलं, की त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो. त्यानं वळून बघितलं, की दिवस चांगला जाणार. आमच्या कुंपणाजवळच्या मुंगसानं एकदा खंड्याला तोंड दाखवलं. खंड्या सुसाट गेला. मुंगूस पळालं नाही. ते थांबलं, अंगावरचे केस फुलवून दुप्पट झालं आणि मागल्या पायांवर उभं राहून बघत राहिलं. खंड्यानं ब्रेक लावला, डावीकडच्या कर्दळीचा वास घेतला आणि आपण मुळात याच कामासाठी आलो होतो, अशा थाटात परत फिरला. त्याचा तो दिवस काही चांगला गेला नाही.

मनीचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मांजर दिसायला कितीही गोजिरवाणं असलं, तरी ते शिकारी आहे, पोट भरलेलं असतानाही शिकारी आहे. एका वर्षी लालबुड्या बुलबुलाच्या जोडप्यानं आमच्या मागच्या पडवीत, टांगलेल्या कुंडीत घरटं केलं. दोन अंडी. बुलबुलाची अंडी उबायला साधारण बारा-चौदा दिवस लागतात आणि पिल्लं उडायला तितकेच. म्हणजे सगळं मिळून जवळजवळ महिना. महिनाभर पडवीतली दोरी वापरायची नाही, त्या कुंडीला पाणी घालायचं ते जपून, आणि मनीला मागच्या दारानं सोडायचं नाही, असा हुकूम मी काढला. घरात यावर एकमत झालं, फक्त मनी सोडून. ती दाराशी बसून असं काही ओरडायची, की रस्त्यावरून जाणाऱ्यांनी आम्ही मांजराला उपाशी ठेवतो असं समजावं.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो. आमच्या घरी तो मी सोडवला. बाजारातून घुंगरू आणलं आणि बांधलं. चार दिवस मनी वाजत फिरली. पाचव्या दिवशी तिनं न वाजता चालायचं तंत्र शिकून घेतलं. तेव्हा घुंगरावर विसंबू नका. मांजर असेल आणि घरटं असेल, तर पहाटे आणि तिन्हीसांजेला मांजर घरात, हाच खरा उपाय. आणि एखादं पिल्लू खाली पडलंच, तर उचलून घरट्यात ठेवायला घाबरू नका. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, असं आमच्या शेजारच्या वहिनी ठामपणे सांगतात. तसं काही नसतं. आमचं एक पिल्लू मी स्वतः उचलून ठेवलं. बुलबुलीण माझ्या अंबाड्यावर दोन टोचे मारून गेली आणि पाच मिनिटांत त्याच पिल्लाला अळी भरवायला लागली.

बंगल्याच्या आसपासच्या जिवांशी चालणाऱ्या या कुरबुरींचा एक मोठा इतिहासकार साताऱ्यातच जन्मला होता, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. जन्म १८५१, सातारा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी लॅटिन शिकवलं, मग जकात आणि मीठ खात्यात नोकरी केली. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. त्याच वर्षी त्यांचं ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक आलं. सरहद्दीवरच्या टोळ्यांशी सरकार जसं धोरण ठेवतं, तसं आपण उंदीर, मुंग्या, कावळे, बेडूक यांच्याशी कसं ठेवतो, हे त्यांनी मिश्कीलपणे मांडलं. साहेबाला त्या टोळ्या वाटल्या, मला कुळं वाटतात. फरक इतकाच, की टोळ्यांशी लढाई करता येते. कुळांशी जमवून घ्यावं लागतं.

आता जमवून घेणं म्हणजे सगळ्यांचंच स्वागत करणं नव्हे. पावसाळ्यात येणाऱ्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी घ्या. १८४७ साली बेन्सन नावाच्या एका साहेबानं हौसेनं त्या मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडल्या. तिथून त्या पसरत गेल्या. एकेक गोगलगाय एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालते. मराठवाड्यात २०२२ साली त्यांनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हा शेतकऱ्यांना पुन्हा पेरणी करावी लागली. आमच्या परसात त्या झेंडू आणि पालकावर ताव मारतात. उपाय साधा आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्यात टाकायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ मातीत मात्र टाकू नये, त्यानं झाडं मरतात. खंड्यानं यात एकदाच मदत केली. तो गोणपाटावरचा गूळ चाटायला गेला आणि जिभेला काय लागलं कोण जाणे, त्यानंतर दिवसभर तो गवताला जीभ पुसत होता. याही कामात खरा मदतनीस भारद्वाज. तो दिसला की गोड खायला मिळतं म्हणतात. आम्हाला काय मिळतं ते राहू दे, त्याला गोगलगाय मिळते.

पण परसात आमची खरी परीक्षा झाली ती घुशींमुळे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कुंपणाच्या भिंतीखाली बिळं केली, केळीचा बुंधा पोखरला, रताळी खाल्ली. शेजारचे आबा पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी विषाच्या वड्यांचा डबाच आणला. मी शाळेत शिकवत होते, म्हणून सगळी आळी मला बाईच म्हणते.

“बाई, तुमच्या बाजूला तुम्ही टाका, माझ्या बाजूला मी टाकतो. आठ दिवसांत निकाल.”

मी नाही म्हटलं. ही विषं रक्त गोठू देत नाहीत. घूस खाल्ल्या खाल्ल्या मरत नाही, काही दिवस मंदावून हिंडत राहते. असा सुस्तावलेला उंदीर मनीला सोपा. रात्री आंब्यावर बसणाऱ्या पिंगळ्यालाही सोपा. म्हणजे आपण मारायला निघालो घूस आणि मेलं कोण, तर आपलंच मांजर. आबा म्हणाले, “मग घुशींना विनंती अर्ज करा.” मी पिंजरे लावले. पहिल्या रात्री पिंजऱ्यातली भजी गेली, घूस आली नाही. दुसऱ्या रात्री पिंजऱ्यात मनी सापडली.

आणि मग जुलैत एका सकाळी खंड्याचं भुंकणं बदललं. कावळ्यासाठी त्याचा एक आवाज आहे, पोस्टमनसाठी एक आहे. हा तिसराच होता. जाऊन बघते तो खताच्या खड्ड्याजवळ सहा-सात फुटांची धामण. मान फुगवून घुरघुरत होती आणि खंड्या चार पावलं मागे सरकून भुंकत होता. मी आधी त्याला ओढून घरात कोंडलं. तोवर आबा काठी घेऊन हजर. आबा निवृत्त झाले, पण काठी अजून सेवेत आहे.

“बाई, व्हा बाजूला. जनावर मोठं आहे.”

“आबा, धामण आहे. विष नसतं तिला.”

“धामण असू दे नाहीतर धर्मराज. तुमचं नातवंड खेळतं इथे.”

हे मात्र खोटं नव्हतं. सूनबाई दारात पोराला कडेवर घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. अशा वेळी भूतदयेचं व्याख्यान कोणाच्या कामाचं नसतं. वहिनींनी कुंपणावरून भर घातली, “धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते.” मी म्हटलं, “वहिनी, आपल्या आळीत म्हैस कोणाकडे आहे?” आणि असती तरी सापाचं तोंड दूध ओढून प्यायला बनलेलंच नाही.

सर्पमित्राला फोन केला. तो पोरगेलासा मुलगा वीस मिनिटांत आला. तोवर धामण आपली आपण भिंतीच्या बिळात गेली होती. त्यानं फोटो पाहिला. टोकदार डोकं, मोठे गोल डोळे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. धामणच. तो आबांना म्हणाला, “काका, ही घुशींसाठी आली आहे. मी हिला नेली आणि घुशी राहिल्या, तर उद्या दुसरा साप येईल. तो धामणच असेल असं मी सांगू शकत नाही.” साप मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, हेही त्यानं हळूच सांगितलं. कायद्याचं नाव निघताच काठी खाली आली. तीस वर्षांची सवय.

मग त्यानं सूनबाईशी बोलणं केलं, ते मला जास्त आवडलं. भिऊ नका, असं तो म्हणाला नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार विषारी साप खरेच धोक्याचे आहेत, म्हणून काय करायचं ते त्यानं सांगितलं. दाराजवळचा विटांचा ढीग हलवा. मोरीच्या भोकाला जाळी लावा. रात्री बॅटरी आणि पायात बूट असल्याशिवाय मागे जायचं नाही. आणि कधी दंश झालाच, तर मंत्र नको, चिरा नको, घट्ट आवळून बांधणं नको. थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात. उपाय एकच, प्रतिविषाचं इंजेक्शन. त्याच संध्याकाळी विटा हलल्या, जाळी बसली. सूनबाई म्हणाली, “आई, एक पावसाळा बघू. पण पोर मागे एकटं जाणार नाही.” मला ते मान्य होतं. आबांशीही ठराव झाला, की दिवाळीपर्यंत विष नाही आणि काठी नाही.

दिवाळीपर्यंत भिंतीची नवी बिळं थांबली. धामणीनं ते केलं, मुंगसानं केलं, की पावसाचं पाणी बिळांत शिरल्यानं झालं, याचा पंचनामा काही झालेला नाही. पण त्या वर्षी रताळी आम्ही खाल्ली. अर्थात सगळी नाही. आमच्या परसाचा आता हिशेब ठरलाय. चिकूच्या वरच्या फांद्या खारी, बुलबुल आणि वटवाघळांच्या. हाताला येतात त्या आमच्या. विषारी काही फवारायचं नाही, पाण्याचं एक पसरट भांडं रोज भरायचं आणि रोज धुवायचं. बदल्यात कुळं उंदीर खातात, अळ्या खातात, माती भुसभुशीत करतात. भाडं रोखीत येत नाही, एवढंच.

गेल्या आठवड्यात आबांचा फोन आला.

“बाई, तुमचं जनावर माझ्या हद्दीत आलंय.”

माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, “आबा, काठी...”

“काठी कशाला? माझ्या अडगळीत उंदीर फार झालेत. दोन दिवस राहू दे म्हणतो. तुमची काही हरकत नाही ना?”