नौकाविहार आणि मद्यपान : उतारूंचीही जबाबदारी



गोमंतकाला सुमारे १०५ किलोमीटर लांबीचा सागरकिनारा लाभला आहे आणि मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांनी त्याचा अंतर्भाग जोडला आहे. दिवाडी-चोडणच्या रहिवाशाला फेरीबोट म्हणजे रोजची वाट आणि मच्छीमाराला होडी म्हणजे अन्नदात्री. पाण्याशी असलेल्या या जुन्या नात्यात गेल्या काही दशकांत नौकाविहाराची भर पडली. डॉल्फिन पाहण्यासाठी सकाळी निघणाऱ्या होड्या आणि मित्रमंडळींनी दिवसभरासाठी भाड्याने घेतलेल्या नौका आता सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. त्यांच्याबरोबर एक घातक समजही रूढ झाला आहे. तो असा की, होडी चालवणारा शुद्धीवर असला म्हणजे झाले, बसणाऱ्यांनी प्यायले तर बिघडत नाही.

मद्य चांगले की वाईट, हा येथे विषय नाही. काजूच्या हंगामात भट्टी लावणे हा येथील कित्येक कुटुंबांचा परंपरागत व्यवसाय आहे. प्रश्न एवढाच आहे की, मद्य आणि पाणी यांची गाठ कोठे पडू द्यावी आणि कोठे पडू देऊ नये.

रस्त्यावरचा न्याय पाण्यावर लागू पडत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मोटारीत मद्य प्यालेला मनुष्य मागच्या आसनावर झोपी गेला आणि चालक शुद्धीवर असला, तर तो मनुष्य सुखरूप घरी पोहोचतो. होडीचे तसे नाही. तेथे उतारू काठावर बसतो, छायाचित्रासाठी उभा राहतो, लघुशंकेसाठी कडेला जातो. लहान होडीत एक माणूस उभा राहिला तरी होडीचा तोल बदलतो. चौघे एकदम एका बाजूला सरकले तर ती कलंडू शकते. अशा वेळी चालकाची शुद्ध कोणाच्या कामी येणार?

या म्हणण्याला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेतील मेरीलँड आणि उत्तर कॅरोलिना या राज्यांत नौकाविहारात मृत्युमुखी पडलेल्या व्यक्तींचा अभ्यास २००१ साली तेथील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रक्तातील मद्याचे प्रमाण वाढते तसा मृत्यूचा धोका वाढतो आणि ही वाढ थोड्या मद्यानेही सुरू होते, असे त्यात आढळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चालक आणि उतारू यांच्या धोक्यात फारसा फरक दिसला नाही. नौका चालू होती की थांबलेली होती, यानेही फरक पडला नाही. नांगर टाकलेली नौका म्हणजे सुरक्षित बैठक, हा समज त्यामुळे टिकत नाही.

याची कारणे शरीरातच आहेत. अंतःकर्णात तोल सांभाळणारी एक सूक्ष्म यंत्रणा असते. तिच्यात मद्याचा अंश शिरला की ती चुकीचे संदेश देऊ लागते. जमिनीवर डोळे आणि पायांखालची भुई ही चूक सावरून घेतात. गढूळ पाण्यात डोके बुडाले की हे दोन्ही आधार नाहीसे होतात आणि वर कोणती बाजू व खाली कोणती, हेच मनुष्याला उमगत नाही. श्वास रोखून धरण्याची शक्ती कमी होते, हातपाय उशिरा हलतात. पट्टीचा पोहणाराही म्हणूनच अशा स्थितीत बुडतो. भरीस ऊन, वारा, इंजिनाची घरघर आणि लाटांचे हेलकावे यांनी शरीर आधीच शिणलेले असते.

प्यालेले मद्य लवकर उतरवण्याचा उपायही नाही. सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्काचा निचरा करण्यास निरोगी प्रौढाच्या शरीराला साधारण एक तास लागतो. साठ मिलिलिटर व्हिस्कीत असा सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी ही गती वाढत नाही. मध्यरात्रीपर्यंत पीत बसलेला मनुष्य पहाटे धक्क्यावर आला, तर झोप झाली असली तरी नशा पूर्ण उतरली असेलच असे नाही.

कायद्याने काही मर्यादा घातल्या आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा आहे. सागरी व्यापारी जहाजांवर कामावर असलेल्या अधिकाऱ्यांसाठी आणि नेमून दिलेले सुरक्षिततेचे काम करणाऱ्या खलाशांसाठी आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१० च्या दुरुस्तीने रक्तातील मद्यार्काची मर्यादा ०.०५ टक्के ठरवली. हे नियम वाहन वा जहाज चालवणाऱ्यांकडे पाहतात. उतारूला आवरण्याचे काम मात्र धक्क्यावरच व्हावे लागते.

येथेच खरी अडचण उभी राहते. दहा जणांचा गट बाटल्या घेऊन धक्क्यावर येतो. होडीवाल्याने नकार दिला तर त्याची दिवसाची कमाई बुडते आणि तोच गट शेजारच्या होडीत जाऊन बसतो. प्रामाणिक माणसाला एकट्याने दंड सोसावा लागतो आणि नियम निष्प्रभ होतो. म्हणून हा निर्णय एकट्या होडीवाल्यावर सोडून चालणार नाही. धक्क्यावरील सर्व नौकामालकांनी एकत्र बसून एकच नियम ठरवावा : लहान होडीत मद्य चढणार नाही आणि मद्य चढलेला मनुष्यही चढणार नाही. भाडे ठरवतानाच हे गिऱ्हाइकाला सांगावे आणि तशी पाटी लावावी. अधिकाऱ्यांनी नकार देणाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे आणि नियम मोडणाऱ्याला वेळीच जाब विचारावा. सर्वांनी एकदम नकार दिला, तर कोणाचेच गिऱ्हाईक तुटत नाही.

दुसरा नियम लाइफ जॅकेटचा. ते होडीत असणे पुरेसे नाही, अंगात असले पाहिजे आणि त्याचे बंद आवळलेले असले पाहिजेत. अमेरिकन तटरक्षक दलाच्या २०२३ च्या आकडेवारीत, नौका-अपघातांत बुडून मेलेल्या ज्या व्यक्तींची माहिती मिळाली, त्यांपैकी ८७ टक्के व्यक्तींच्या अंगात जॅकेट नव्हते. बडोद्याच्या हरणी येथील तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. तेथे मद्याचा संबंध नव्हता. नौकेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. शुद्धीवर असलेल्यांवरही जर असा प्रसंग येतो, तर शुद्ध हरपलेल्यांची गत काय होईल, हे सांगायला नको. शिक्षकांनी सहलीच्या वेळी जॅकेट घातल्याशिवाय एकाही मुलाला होडीत पाऊल ठेवू देऊ नये. ही सवय शाळेत लागली, तर मुले ती घरी नेतील आणि वडीलधाऱ्यांनाही टोकतील.

सणासुदीला विशेष जपावे लागते. २४ जूनला सांजांवच्या दिवशी विहिरी तुडुंब असतात, ओहोळांना ओढ असते आणि शिवोलीसारख्या ठिकाणी सजवलेल्या होड्या पाण्यात उतरतात. उत्सवाचा आनंद घ्यावाच. पण पाण्यात उतरणाऱ्याने आधी उतरावे आणि पेला मागाहून, किनाऱ्यावर, हाती घ्यावा. वाड्यावरील दोन-तीन तरुणांनी त्या दिवशी मद्याला न शिवता पाण्यावर लक्ष ठेवण्याचे काम पत्करावे.

एवढे करूनही कोणी बुडू लागला, तर सरळ उडी टाकू नये. बुडणारा वाचवणाऱ्यालाही मिठी मारतो. दोर, वल्हे, हवेने भरलेला रिकामा डबा, जे हाताशी असेल ते पुढे करावे. बाहेर काढल्यावर पोट दाबू नये, उलटे टांगू नये. श्वास बंद असेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा आणि छातीवर दाब देण्यास आरंभ करावा. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवून कोरड्या वस्त्रात गुंडाळावे. ऊब यावी म्हणून मद्य मुळीच पाजू नये. मदतीसाठी ११२ आणि समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक प्रत्येक होडीवाल्याला मुखोद्गत असावेत.

जुन्या पिढीचा तांडेल ढग आणि भरती पाहून होडी काढत असे. आजच्या होडीवाल्याने त्यासोबत होडीत चढणाऱ्या माणसाकडेही पाहावे, आणि चढणाऱ्यानेही स्वतःला तपासावे. धक्क्यावर दिलेला नकार क्षणभर कटू वाटतो. परंतु संध्याकाळी निघाली तेवढीच माणसे परत आली, यातच त्या दिवसाची खरी कमाई आहे.